वाहक विषाणू, प्रतिपिंडे आणि एका चाचणीची विश्वासार्हता : सातारा–सांगलीच्या संदर्भात एक आढावा

सदोष जनुकाचे काम करू शकेल अशी त्याची निरोगी प्रत रुग्णाच्या पेशींपर्यंत पोचवणे म्हणजे जनुकोपचार. ही प्रत वाहून नेण्यासाठी आज सर्वाधिक वापरला जाणारा विषाणू म्हणजे ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस, संक्षेपाने एएव्ही. या विषाणूमुळे माणसाला कोणताही ज्ञात आजार होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु त्याच्या निसर्गातील जातींचा संसर्ग बहुसंख्य माणसांना नकळत होऊन गेलेला असतो, आणि त्या संसर्गाची आठवण म्हणून अनेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, राहून जातात. अशा माणसाला तोच विषाणू वाहक म्हणून दिला, तर प्रतिपिंडे त्याला यकृतापर्यंत किंवा स्नायूंपर्यंत पोचण्यापूर्वीच निष्प्रभ करतात आणि कोट्यवधी रुपयांचा, बहुधा आयुष्यात एकदाच देता येणारा उपचार वाया जातो. म्हणून उपचारापूर्वी रुग्णाच्या रक्ताची जी चाचणी केली जाते, तिच्यावर त्या रुग्णाच्या पात्रतेचा निर्णय अवलंबून असतो. ही चाचणी आज कोणत्या स्थितीत आहे, तिच्यात सुधारणा कोणत्या दिशेने होत आहेत, आणि सातारा व सांगली या जिल्ह्यांतील रुग्णांच्या दृष्टीने त्यांतून काय निष्पन्न होते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रश्न कोणाचा आहे

हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकारात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी, म्हणजे फॅक्टरांपैकी, एक पुरेसे तयार होत नाही. आठव्या क्रमांकाच्या फॅक्टरची उणीव म्हणजे हिमोफिलिया ‘ए’. तो सुमारे 5,000 पुरुष-जन्मांमागे एकात आढळतो. नवव्या फॅक्टरची उणीव म्हणजे हिमोफिलिया ‘बी’, जो त्याहून बराच दुर्मीळ आहे. महाराष्ट्रात या विकारावरील उपचार जिल्हा पातळीवर नेताना राज्याच्या आरोग्य खात्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयाबरोबर ठाणे, नाशिक, अमरावती आणि सातारा येथे डे-केअर केंद्रे उभारली. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव धारण करणाऱ्या साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात फॅक्टर मिळू लागल्यामुळे सांध्यात रक्तस्राव झालेल्या मुलाला घेऊन थेट पुण्या-मुंबईला धावण्याची अनेक कुटुंबांची वेळ टळली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मिरज हे वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केले आणि 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे.

फॅक्टरचे इंजेक्शन हा मात्र कायमचा इलाज नव्हे, कारण रक्तातील फॅक्टर काही तासांत वा दिवसांत ओसरतो आणि इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. यकृताच्या पेशींनाच फॅक्टर बनवायला लावणारा जनुकोपचार ही म्हणूनच या कुटुंबांची मोठी आशा आहे. एएव्हीचे पाचव्या प्रकारचे कवच वापरणाऱ्या दोन उपचारांना अमेरिकेत मान्यता मिळाली असून हिमोफिलिया ‘बी’वरील हेमजेनिक्सला ती नोव्हेंबर 2022 मध्ये, तर हिमोफिलिया ‘ए’वरील रॉक्टेव्हियनला जून 2023 मध्ये मिळाली. मान्यतेच्या वेळी यांच्या किमती प्रत्येकी सुमारे तीस-पस्तीस लाख डॉलर होत्या.

दुसरा विकार स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, म्हणजे मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट होऊन स्नायू दुबळे होत जाण्याचा बालविकार. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो, त्यामुळे नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मान्य राहिली, त्या भागाला हा मुद्दा दूरचा नाही. या विकारावरील झोल्जेन्स्मा हे औषध महाराष्ट्राला ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ म्हणून ठाऊक झाले ते 2021 मध्ये, मुंबईतील एका बालिकेसाठी लोकवर्गणी उभी राहिली आणि केंद्र सरकारने सुमारे सहा कोटी रुपयांचे आयात शुल्क व कर माफ केले तेव्हा. ज्या गोष्टीची त्या वेळी फारशी चर्चा झाली नाही ती अशी की, नवव्या प्रकारच्या एएव्हीवर आधारित हे औषध देण्यापूर्वी बालकाच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजावी लागतात, आणि मूळ चिकित्सालयीन अभ्यासांत हे प्रमाण (पुढे स्पष्ट केलेले टायटर) 1:50 पेक्षा अधिक असलेली बालके वगळली गेली होती.

विषाणूची ओळख आणि शरीराची आठवण

एएव्हीचा शोध 1965 मध्ये ॲडिनोव्हायरसच्या नमुन्यांत मिसळलेले सूक्ष्म कण म्हणून लागला. सुमारे 25 नॅनोमीटर व्यासाचे त्याचे कवच 60 प्रथिन-घटकांचे असते आणि त्यात सुमारे 4,700 अक्षरांचा एकपदरी डीएनए मावतो. स्वतःची वाढ करण्यासाठी त्याला ॲडिनोव्हायरससारख्या मदतनीस विषाणूची गरज लागते. कवचाच्या पृष्ठभागावरील रचनेनुसार त्याचे अनेक प्रकार मानले जातात आणि प्रत्येक प्रकाराची वेगवेगळ्या अवयवांकडे ओढ असते. हे प्रकार एकमेकांशी मिळतेजुळते असल्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही काही अंशी ओळखतात.

प्रतिपिंडे किती लोकांत आढळतात, याचे बरेच उद्धृत केले जाणारे आकडे 2010 साली फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासाचे आहेत. त्यात निरोगी प्रौढांपैकी 72 टक्क्यांच्या रक्तात दुसऱ्या प्रकाराला चिकटणारी प्रतिपिंडे आढळली, तर पाचव्या प्रकारासाठी हे प्रमाण 40 टक्के होते. मात्र विषाणूला प्रत्यक्ष निष्प्रभ करण्याची क्षमता मोजली असता हेच प्रमाण अनुक्रमे 59 आणि अवघे 3.2 टक्के भरले. चिकटणे आणि निष्प्रभ करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि कोणती मोजली यावर उत्तर पूर्णपणे बदलू शकते, हे या एका तुलनेतून स्पष्ट होते.

वयाचाही मोठा परिणाम होतो. नवजात बालकाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात, ती पहिल्या वर्षात ओसरत जातात, सुमारे सातव्या ते अकराव्या महिन्यांत सर्वांत कमी होतात आणि पुढे स्वतःला झालेल्या संसर्गांमुळे पुन्हा वाढू लागतात. एखाद्या बालकाची चाचणी दुसऱ्या महिन्यात ‘सकारात्मक’ आली म्हणून त्याला कायमचे अपात्र ठरवणे म्हणूनच चुकीचे ठरते. उलट, सहा महिन्यांपूर्वी ‘नकारात्मक’ आलेला अहवाल उपचाराच्या दिवशी खरा असेलच, असेही नाही.

चाचणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत एलायझा व तिच्या जातकुळीच्या चाचण्यांची. प्लास्टिकच्या तबकातील खळग्यांत विषाणूची कवचे चिकटवून त्यांवर रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा स्वच्छ द्रव, टाकतात आणि त्यातील किती प्रतिपिंडे कवचांना चिकटली हे रंगावरून किंवा प्रकाशावरून मोजतात. ही चाचणी स्वस्त, जलद आणि पुनरावृत्तीत स्थिर असते. जिवंत पेशींची गरज नसल्यामुळे ती जिल्हा पातळीवरील प्रयोगशाळेलाही जमण्यासारखी आहे. मात्र ती फक्त संपर्काची खूण सांगते. सातारा जिल्ह्यातच याचे बोलके उदाहरण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2020 मध्ये महाबळेश्वरजवळील गुहेतील वटवाघळांची तपासणी केली आणि निपा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध केले. त्या निष्कर्षाचे महत्त्व त्या वटवाघळांचा त्या विषाणूशी संबंध आला असावा हे दाखवण्यात होते. ती प्रतिपिंडे विषाणूला रोखण्यास किती समर्थ आहेत, हा प्रश्न वेगळा असतो आणि त्याचे उत्तर वेगळ्या चाचणीने मिळते.

ती दुसरी पद्धत म्हणजे पेशींवर आधारित निष्प्रभीकरण चाचणी. प्रथम सीरम 56 अंश सेल्सियस तापमानाला अर्धा तास ठेवून त्यातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची, स्वतंत्रपणे विषाणूवर परिणाम करू शकणारी प्रथिने निकामी केली जातात. नंतर ते टप्प्याटप्प्याने दुपटीने किंवा तिपटीने पातळ करून प्रत्येक पातळीत ठराविक वाहक विषाणू मिसळतात. या विषाणूत उपचाराच्या जनुकाऐवजी सूचक जनुक घातलेले असते. ल्युसिफरेज हे प्रकाश निर्माण करणारे विकर किंवा हिरवे चमकणारे प्रथिन बनवणारे जनुक त्यासाठी वापरतात. मिश्रण सुमारे तासभर ठेवून ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर सोडले, की एक ते तीन दिवसांनी पेशी किती चमकतात ते मोजता येते. सीरममध्ये समर्थ प्रतिपिंडे असतील तर विषाणू पेशीत शिरत नाही आणि चमक कमी पडते. ज्या सर्वाधिक पातळ सीरमने चमक निम्म्याहून खाली आणली, त्या पातळीला टायटर म्हणतात. सोळापट पातळ केल्यावरही निम्मी चमक रोखली गेली तर टायटर 1:16.

तिसरी पद्धत प्राण्यांवरील. रुग्णाचे सीरम उंदरात टोचून नंतर वाहक विषाणू दिला जातो आणि उंदराच्या यकृतात जनुक कितपत काम करू लागले ते पाहिले जाते. अगदी क्षीण प्रतिपिंडेही या पद्धतीने उघडकीस येतात. परंतु ती महाग व वेळखाऊ असून शेकडो रुग्णांच्या छाननीसाठी वापरता येत नाही, म्हणून तिचा उपयोग मुख्यतः इतर चाचण्यांची पडताळणी करण्यासाठी होतो.

एकाच सीरमचे दोन आकडे

पेशींवरील चाचणी शरीरातील घडामोडींच्या अधिक जवळ जाते, म्हणून ती श्रेष्ठ मानली जाते. तरीही तिचा आकडा प्रयोगशाळेगणिक बदलतो, आणि हाच या क्षेत्रातील मुख्य दोष आहे. त्यामागची कारणे समजून घेतल्याशिवाय सुधारणांचा अर्थ लागत नाही.

पहिले कारण विषाणूची मात्रा. एका पेशीमागे किती विषाणू-कण सोडले हे प्रमाण जितके जास्त, तितकी त्यांना रोखायला प्रतिपिंडे अधिक लागतात आणि टायटर तितके खाली दिसते. पाचवा, आठवा आणि नववा हे प्रकार प्रयोगशाळेतील पेशींत मुळात कष्टाने शिरतात, त्यामुळे पुरेशी चमक मिळवण्यासाठी विषाणू जास्त वापरावा लागतो आणि चाचणीची संवेदनक्षमता, म्हणजे थोडकी प्रतिपिंडे पकडण्याची ताकद, घटते. दुसरे कारण रिकामी कवचे. वाहक विषाणूच्या उत्पादनात जनुक न भरलेली कवचेही तयार होतात. तीही प्रतिपिंडांना बांधून ठेवतात, पण चमक निर्माण करीत नाहीत. ज्या नमुन्यात रिकामी कवचे अधिक, त्यात प्रतिपिंडे त्यांच्यावरच खर्च होतात आणि रुग्णाचे टायटर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. तिसरे कारण पेशींचा प्रकार, त्यांचे वय आणि त्यांच्यावरील ग्राहक-प्रथिनांची संख्या. चौथे कारण असे की सीरममधील प्रतिपिंडांखेरीज इतर प्रथिनेही काही प्रकारांच्या एएव्हीला अडवतात, आणि चाचणी त्यांना प्रतिपिंडे समजून मोजते. पाचवे कारण मोजणीच्या रीतीतले आहे. दुपटीच्या मालिकेत एका पायरीची चूक दोन्ही बाजूंना गृहीत धरावी लागते, म्हणून 1:40 आणि 1:80 यांतील फरक अनेकदा खरा फरक नसतोच.

हेमजेनिक्सच्या बाबतीत याचे अधिकृत उदाहरण नोंदले गेले आहे. त्याच्या मुख्य अभ्यासात सात पातळ्यांच्या विरलन-मालिकेवर (सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करण्याच्या मालिकेवर) ज्याचे टायटर 1:678 मोजले गेले, त्याच रक्ताचे टायटर पुढे नऊ पातळ्यांच्या सुधारित मालिकेवर 1:898 भरले. रुग्ण एक, रक्त एक, आकडे दोन. म्हणून पद्धतीचे नाव सोबत नसलेले टायटर अपूर्ण समजले पाहिजे, आणि दोन भिन्न औषधांच्या मर्यादा केवळ आकडे शेजारी ठेवून ताडून पाहता येत नाहीत.

सुधारणांच्या दिशा

गेल्या दशकातील सुधारणा स्थूलमानाने चार वाटांनी गेल्या आहेत. पहिली वाट पेशी अधिक ग्रहणशील करण्याची. एएव्हीच्या बहुतेक प्रकारांना पेशीत शिरण्यासाठी लागणारे सामाईक ग्राहक-प्रथिन 2016 मध्ये ओळखले गेले. ते मुबलक बनवणाऱ्या पेशी तयार केल्या की थोड्या विषाणूनेही पुरेशी चमक मिळते. नवव्या प्रकारासाठी पृष्ठभागावर सायलिक आम्ल नसलेल्या, गॅलॅक्टोज उघडे पडलेल्या पेशी वापरल्या जातात, कारण हा प्रकार गॅलॅक्टोजला चिकटतो. दुसरी वाट सूचक जनुक अधिक प्रखर करण्याची. हिरव्या प्रथिनाऐवजी ल्युसिफरेज वापरल्याने विषाणूची मात्रा बरीच कमी करता येते.

तिसरी वाट कच्च्या मालावरील नियंत्रणाची. विषाणूच्या प्रत्येक खेपेत एकूण कण किती आणि भरलेले किती हे स्वतंत्रपणे मोजणे, पेशी एकाच वेळी मोठ्या संख्येने वाढवून गोठवून ठेवणे व प्रत्येक चाचणीला त्याच साठ्यातील पेशी वापरणे, आणि प्रत्येक तबकात ज्ञात क्षमतेची उच्च व निम्न नियंत्रक प्रतिपिंडे ठेवणे ही कामे यात येतात. नियंत्रकांसाठी एखाद्या प्रकारच्या कवचालाच ओळखणारी, प्रयोगशाळेत बनवलेली एकजिनसी प्रतिपिंडे किंवा हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेले इम्युनोग्लोब्युलिन वापरता येते. चौथी वाट टप्प्याटप्प्याने छाननी करण्याची. आधी स्वस्त एलायझाने सर्वांची तपासणी, मग संशयित नमुन्यांवर पेशींची चाचणी, आणि तरीही शंका उरल्यास सीरममधून प्रतिपिंडे वेगळी काढून अडथळा खरोखर त्यांचाच होता काय याची खात्री, असा हा क्रम आहे.

औषधनियामकांनी यांपैकी एकच पद्धत स्वीकारलेली नाही. रॉक्टेव्हियनसाठी मान्य झालेली सोबतची चाचणी एकूण चिकटणारी प्रतिपिंडे मोजते. हिमोफिलिया ‘बी’वरील बेक्वेझ या 2024 मधील औषधासाठी मात्र पेशींवर आधारित चाचणी मान्य झाली. ड्युशेन या स्नायुक्षयावरील एलेव्हिडिससाठी एकूण प्रतिपिंडांची 1:400 ही मर्यादा ठेवण्यात आली आहे.

संवेदनक्षमता पुरेशी आहे काय

चाचणी जितकी संवेदनक्षम तितकी चांगली, असा समज सहज होतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिमोफिलिया ‘बी’वरील अभ्यासाने या समजाला आधार दिला. त्यात दुसऱ्या प्रकारचा एएव्ही यकृतात सोडण्यात आला होता. 1:2 इतके टायटर असलेल्या रुग्णात नववा फॅक्टर काही काळ सामान्याच्या सुमारे 11 टक्क्यांपर्यंत चढला, पण त्याच मात्रेवर 1:17 टायटर असलेल्या रुग्णात तो सुमारे 3 टक्क्यांवरच थांबला. अल्प प्रतिपिंडेही उपचार बिघडवतात असा निष्कर्ष निघाला आणि पुढील अभ्यासांनी प्रतिपिंडे असलेल्यांना बाहेर ठेवायला सुरुवात केली.

पाचव्या प्रकाराने हे चित्र गुंतागुंतीचे केले. हेमजेनिक्सच्या पूर्वगामी औषधाच्या अभ्यासातील दहा रुग्णांची आधी हिरव्या प्रथिनाच्या चाचणीने छाननी झाली होती आणि त्यांच्यात प्रतिपिंडे आढळली नव्हती. नंतर अधिक संवेदनक्षम ल्युसिफरेज चाचणीने जुने नमुने तपासले असता तिघांत ती सापडली, तरीही त्या तिघांत उपचार यशस्वी झालेला होता. पुढच्या 54 रुग्णांच्या मुख्य अभ्यासात प्रतिपिंडे असलेल्यांनाही घेतले गेले. 1:678 पर्यंतच्या रुग्णांत फॅक्टर तयार झाला आणि 1:3212 टायटर असलेल्या एका रुग्णात तो झाला नाही. पहिल्याच अभ्यासाच्या वेळी अधिक संवेदनक्षम चाचणी हाती असती आणि तिचा प्रत्येक सकारात्मक निकाल अपात्रता म्हणून वाचला गेला असता, तर ते तिघे या उपचाराला मुकले असते.

याचे एक संभाव्य स्पष्टीकरण प्रमाणात आहे. हेमजेनिक्सची मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे 20 लाख कोटी जनुक-प्रती इतकी असते. प्रतिपिंडांच्या मर्यादित संख्येपुढे विषाणू-कणांचा हा पूर प्रचंड ठरतो, तर प्रयोगशाळेतील खळग्यात मुद्दाम थोडे कण वापरलेले असतात. म्हणून ‘प्रतिपिंडे सापडली’ या विधानावरून ‘उपचार निष्फळ होईल’ असे अनुमान थेट काढता येत नाही. ते काढण्यासाठी त्या औषधाची त्या मात्रेवर, त्या विशिष्ट चाचणीच्या आकड्यांशी रुग्णांच्या प्रत्यक्ष परिणामांची सांगड घालावी लागते. चाचणीची खरी सुधारणा या सांगडीत आहे. मात्र विरुद्ध दिशेची चूकही तितकीच घातक आहे, कारण एकदा उपचार दिल्यावर शरीर प्रतिपिंडांचे प्रमाण अतोनात वाढवते, ती दहा-पंधरा वर्षे टिकल्याचे दिसून आले आहे, आणि फसलेला उपचार त्याच विषाणूने पुन्हा देता येत नाही.

बेथेस्डाचा धडा

हिमोफिलियाच्या क्षेत्राने असाच गोंधळ एकदा पूर्वी निस्तरला आहे, आणि ती घटना येथे विशेष उपयोगी पडते. फॅक्टरची इंजेक्शने घेणाऱ्या काही रुग्णांत त्या फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. रुग्ण-कुटुंबांच्या बोलण्यात ती ‘इनहिबिटर’ या नावाने असतात. त्यांची मोजणी हीदेखील निष्प्रभीकरणाचीच चाचणी आहे. रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्मात मिसळून दोन तासांनी आठवा फॅक्टर किती उरला ते पाहतात. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे एकक निराळे होते. 1975 मध्ये बेथेस्डा एकक सर्वांनी स्वीकारले, म्हणजे उरलेला फॅक्टर निम्मा करणारी क्षमता म्हणजे एक एकक, आणि जगभरचे अहवाल एकमेकांशी ताडता येऊ लागले. पुढे 1995 मध्ये नेदरलँड्समधील नाइमेखन येथील सुधारणेने मिश्रणाची आम्लता स्थिर ठेवली, त्यामुळे क्षीण पातळीवरील खोटे सकारात्मक निकाल कमी झाले. आधी समान एकक, मग त्याच्या आधाराने पद्धतीची शुद्धी, असा तो क्रम होता.

कोविडच्या साथीत हीच वाट अधिक वेगाने चालली गेली. डिसेंबर 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-प्रतिपिंडांचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण-सीरम निश्चित केले, त्यामुळे निरनिराळ्या चाचण्यांचे निकाल एका एककात मांडणे शक्य झाले. एएव्हीच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रकारासाठी असे सर्वमान्य प्रमाण-सीरम आणि एकक रूढ होणे ही या क्षेत्राची सर्वांत मोठी उरलेली गरज आहे.

भारतातील आणि कृष्णाकाठची बाजू

भारतात या प्रश्नावर सर्वाधिक काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले आहे. तेथील संशोधकांनी निरोगी भारतीयांत आणि हिमोफिलियाच्या रुग्णांत तिसऱ्या प्रकारच्या एएव्हीविरुद्धची चिकटणारी व निष्प्रभ करणारी अशी दोन्ही प्रतिपिंडे तपासली. त्याच संस्थेने प्रतिपिंडांचा अडथळा पूर्णपणे टाळणारा मार्गही चोखाळला. रुग्णाच्याच रक्तमूल पेशी काढून, त्यांत लेन्टिव्हायरस या निराळ्या वाहकाने आठव्या फॅक्टरचे जनुक घालून त्या परत देण्याचा हा मार्ग आहे. डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार गंभीर हिमोफिलिया ‘ए’ असलेल्या पाच रुग्णांना हा उपचार दिल्यानंतर त्यांचे रक्तस्राव थांबले. जनुक शरीराबाहेर घातले जात असल्याने येथे एएव्हीची प्रतिपिंडे आडवी येत नाहीत, परंतु रुग्णाला आधी तीव्र औषधे देऊन अस्थिमज्जेत जागा करावी लागते, म्हणून हा मार्ग सर्वांसाठी नाही. दोन्ही मार्ग उपलब्ध झाल्यावर कोणत्या रुग्णासाठी कोणता, हे ठरवण्यातही प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडेल.

पश्चिम महाराष्ट्राच्या दृष्टीने पहिला प्रश्न सीमारेषेचा आहे. चाचणी सकारात्मक कधी म्हणायची ती रेषा प्रतिपिंडे नसलेल्या लोकांच्या नमुन्यांवरून संख्याशास्त्राने आखली जाते. प्राथमिक छाननीत अशा सुमारे पाच टक्के लोकांचे निकाल चुकून सकारात्मक यावेत, अशी ती रेषा मुद्दाम ठेवतात, म्हणजे खरे सकारात्मक सुटत नाहीत. युरोप-अमेरिकेतील दात्यांच्या सीरमवर आखलेली रेषा दाट वस्तीच्या, लहानपणापासून श्वसनसंस्थेचे व पोटाचे विषाणूसंसर्ग वारंवार होणाऱ्या लोकसमूहाला जशीच्या तशी लावता येईल, असे गृहीत धरणे योग्य नाही. पाटण-जावळीच्या डोंगराळ वस्त्या, कराड-वाळव्याचा बागायती पट्टा आणि जत-आटपाडीचा दुष्काळी भाग यांत पाणी, घरांची दाटी आणि स्थलांतर यांची परिस्थिती एकमेकींपासून वेगळी आहे, तेव्हा प्रतिपिंडांचे प्रमाणही वेगळे असू शकते. या लोकसंख्येतील वयोगटवार नमुन्यांवर रेषा पुन्हा आखणे हे म्हणूनच पायाभूत काम ठरते.

दुसरा प्रश्न नमुन्याच्या प्रवासाचा आहे. सातारा पुण्यापासून सुमारे 110 किलोमीटरवर, तर सांगली त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर आहे. प्रतिपिंडे तुलनेने टिकाऊ असतात, त्यामुळे सीरम वेळेत वेगळे करून थंड ठेवले तर हा प्रवास अडचणीचा नाही. मात्र वारंवार गोठणे-वितळणे टाळावे लागते आणि पर्यायी मार्गाची तयारी ठेवावी लागते, कारण 2019 च्या महापुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला तेव्हा वाहतूक दिवसेंदिवस ठप्प झाली होती. पेशींवरील चाचणीसाठी लागणारे कौशल्य प्रदेशाबाहेर शोधण्याचीही गरज नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था 1952 पासून विषाणूंवर काम करीत आहे आणि कोविडच्या काळात लशींचा परिणाम मोजण्यासाठी निष्प्रभीकरणाच्या चाचण्या तिने मोठ्या प्रमाणावर केल्या. मुंबईत परळच्या केईएम परिसरातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था रक्तविकारांच्या निदानाचे, इनहिबिटर मोजण्याचे काम दीर्घकाळ करीत आली आहे. एका संस्थेकडे विषाणूचे ज्ञान आहे, दुसरीकडे रुग्णांचे, आणि साताऱ्याच्या डे-केअर केंद्रात तर रुग्ण स्वतःच नियमित येतात. ही तिन्ही टोके जोडण्यासाठी नवी इमारत लागत नाही. समान कार्यपद्धती आणि सामाईक नियंत्रक-सीरम लागते.

तिसरा प्रश्न रुग्णाला निकाल समजावून सांगण्याचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2019 मध्ये जनुकोपचाराच्या संशोधनासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत माहितीपूर्ण संमतीवर भर आहे. प्रतिपिंडांच्या निकालाबाबत ही संमती मराठीत आणि निःसंदिग्ध हवी. सकारात्मक निकाल म्हणजे आजार नव्हे. तो एका विशिष्ट वाहकापुरता असतो, वेगळ्या प्रकारच्या वाहकाला लागू असेलच असे नाही. नकारात्मक निकालही उपचाराच्या जवळच्या तारखेला पुन्हा पडताळावा लागतो. ही माहिती कुटुंबाला आधी मिळाली, तर आशा आणि निर्णय दोन्ही योग्य मापात राहतात.

निष्कर्ष

एएव्हीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी तांत्रिकदृष्ट्या बरीच पुढे गेली आहे. पेशी अधिक ग्रहणशील झाल्या, सूचक जनुके प्रखर झाली आणि थोडकी प्रतिपिंडेही पकडता येऊ लागली. परंतु अधिक पकडणे म्हणजे अधिक बरोबर ठरवणे नव्हे, हे पाचव्या प्रकाराच्या अनुभवाने दाखवून दिले. यापुढची प्रगती तीन गोष्टींवर अवलंबून आहे. आकड्याला सर्वत्र एकच अर्थ देणारे सामाईक एकक हवे, त्या आकड्याची प्रत्यक्ष उपचाराच्या परिणामाशी सांगड हवी, आणि ज्या लोकांवर चाचणी वापरायची त्यांच्याच रक्तावर ती पारखून घेतलेली हवी. पहिल्या दोन गोष्टी जागतिक प्रयत्नांतून येतील. तिसरी मात्र बाहेरून येणार नाही. महागडे औषध भारतात नेहमीच्या वापरात येईल तेव्हा चाचणीची सिद्धता करायला वेळ उरणार नाही, म्हणून साताऱ्याच्या केंद्रात आणि मिरजेच्या महाविद्यालयात रीतसर संमतीने घेतलेले, वयोगटवार नोंदवलेले आणि नीट साठवलेले नमुने आजपासून जमवले पाहिजेत. या जिल्ह्यांतील एखादा मुलगा उपचाराला पात्र आहे की नाही, हा निर्णय परक्या लोकसंख्येवर आखलेल्या रेषेने होऊ नये, एवढी काळजी घेणे आज शक्य आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या संस्था याच प्रदेशात उभ्या आहेत.